समूहगानाची श्रेणी : ऐकायचे कुणाला, मोजायचे काय?

सातवीच्या मुलाचे प्रगतिपुस्तक उघडले की मराठी, गणित, विज्ञानाच्या खाली ‘कला’ हा विषय येतो आणि त्यासमोर एक श्रेणी असते. अ-२, ब-१, क्वचित अ-१. महाराष्ट्रात २०१० पासून सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन लागू आहे. त्यात कला, कार्यानुभव आणि शारीरिक शिक्षण या विषयांना सत्राअखेरची संकलित परीक्षा नाही. शंभर टक्के मूल्यमापन आकारिक, म्हणजे वर्षभर चाललेल्या कामावरून करायचे. गणिताचा पेपर पालकाला मागून पाहता येतो. कलेच्या श्रेणीमागे शिक्षकाने काय पाहिले, काय ऐकले, हे विचारायला सहसा कुणी येत नाही. त्यातून मूल गाण्यात असेल आणि गाणे समूहाचे असेल, तर प्रश्न आणखी अवघड होतो. पन्नास आवाजांतून एकाचा आवाज वेगळा कसा काढायचा? काढावा का? आणि काढलाच तर त्यात मोजायचे काय?

वर्धा जिल्ह्यात या प्रश्नाला विशेष वजन आहे, कारण इथे एकत्र गाण्याची सवय मूल शाळेत येण्याआधीच लागते. सेवाग्रामच्या आश्रमात सकाळ-संध्याकाळची प्रार्थना आजही होते. पवनारला विनोबांची ‘गीताई’ सगळे मिळून म्हणतात. कितीतरी गावांत गुरुदेव सेवा मंडळाची सामुदायिक प्रार्थना आहे, राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची खंजिरी भजने आहेत. आर्वी असो, सेलू असो की समुद्रपूर, पहिलीत येणाऱ्या पोट्ट्याने मोठ्यांच्या घोळक्यात बसून, टाळ्या वाजवून काहीतरी गायलेले असते. शाळेत परिपाठाला राष्ट्रगीत, २०२३ पासून राज्यगीत आणि मग प्रार्थना. महाराष्ट्रभर शाळांत म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनांतल्या दोन हिंदी चित्रपटांतून आल्या, ‘दो आँखें बारह हाथ’ (१९५७) आणि ‘गुड्डी’ (१९७१) यांतून. दोन्हींचे संगीत वसंत देसाईंचे. शाळेतल्या मुलांनी मोठ्या संख्येने एका सुरात गावे म्हणून देसाई स्वतः खपले होते. मुलांच्या गळ्याला झेपेल, पहिल्या ऐकण्यात ध्रुवपद धरता येईल अशी चाल कशी बांधावी, हे त्या दोन प्रार्थनांवरून शिकण्यासारखे आहे.

एवढे गाणे रोज होत असताना त्याचे मूल्यमापन मात्र फार पातळ आहे. शासनाने आकारिक मूल्यमापनाची साधने दिलेली आहेत: दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय. समूहगानाला निरीक्षण, प्रात्यक्षिक आणि उपक्रम ही तीन सहज लागू पडतात. अडते ते नोंदीपाशी. ‘वर्णनात्मक नोंदी’ या नावाने तयार वाक्यांच्या याद्या शिक्षकांच्या मोबाइलवर फिरत असतात. समूहगीतात आनंदाने सहभागी होतो, तालासुरात गातो, गायनाची आवड आहे, अशी वाक्ये चाळीस मुलांना आलटून पालटून वाटली जातात. शिक्षकाला दोष देऊन यातून काही निघणार नाही. बहुशिक्षकी शाळा नसेल तर तोच माणूस चार इयत्तांना सगळे विषय शिकवतो, शालेय पोषण आहाराची नोंद ठेवतो, ऑनलाइन माहिती भरतो. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे कलेसाठी अंशकालीन निदेशक मिळतो तो सहावी ते आठवीचा पट शंभराच्या वर असेल तेव्हाच. खेड्यातल्या शाळेचा पट तिथवर क्वचितच जातो. तेव्हा गाणे शिकवायचे आणि तपासायचे वर्गशिक्षकानेच, त्याला पेटी येवो न येवो.

प्रत्यक्षात श्रेणी कशावरून ठरते, हे पाहिले तर तीन गोष्टी दिसतात. एक, मूल सरावाला आले का. दोन, त्याचा आवाज गोड आहे का. तीन, शाळेला स्पर्धेत बक्षीस मिळाले का. तिन्हींचा शिकण्याशी संबंध आहे, पण श्रेणी ज्यावर उभी राहावी तो पाया त्यांत नाही.

हजेरीचे आधी बघू. समूहगानात हजेरीला अर्थ आहे, कारण एकजण चार दिवस आला नाही तर त्याच्या शेजारचे तिघे अडखळतात. पण त्यावरूनच श्रेणी ठरवण्याचा मोह जगभरच्या शिक्षकांना होतो. अमेरिकेत जोशुआ रसेल आणि जेम्स ऑस्टिन यांनी माध्यमिक शाळांतल्या संगीतशिक्षकांची पाहणी करून २०१० मध्ये ती प्रसिद्ध केली. मुलाला काय येते यापेक्षा हजेरी, वृत्ती, घरचा सराव यांनाच श्रेणीत जास्त वजन दिले जाते, असे त्यांना आढळले. तिथे शाळाशाळांत स्वतंत्र गायनवर्ग आणि प्रशिक्षित शिक्षक असतात, तरीही हे. आपल्याकडे या हजेरीला आणखी एक बाजू आहे. स्नेहसंमेलन आणि सव्वीस जानेवारीचा सराव डिसेंबर-जानेवारीत येतो, आणि वर्ध्यात तेच कापूस वेचणीचे दिवस. मजुरी करणाऱ्या घरातले मूल त्या दिवसांत सरावाला कमी येते, धाकट्या भावंडाला सांभाळायला घरी राहते. त्याची श्रेणी हजेरीवरून खाली आली तर आपण त्याच्या गाण्याला नव्हे, त्याच्या घरच्या परिस्थितीला श्रेणी देतो. हजेरी वहीत जरूर ठेवावी, शेऱ्यात तिचा उल्लेखही करावा. श्रेणीत ती मिसळू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

गोड आवाजाचे तसेच. तो बऱ्याच अंशी जन्माने मिळतो. शाळेने जे शिकवले नाही त्याचे गुण शाळेने वाटू नयेत. आणि याच गोष्टीची उलटी बाजू जास्त दुखावणारी आहे. सूर न लागणाऱ्या मुलाला मागच्या रांगेत उभे करून ‘तू नुसते ओठ हलव’ असे सांगितले जाते. हे मुलाच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. पन्नाशीतली माणसे ‘मला गाता येत नाही’ म्हणतात तेव्हा मागे पुष्कळदा असा एखादा दिवस असतो. ज्यांना सुरातला फरक खरोखर जन्मतःच कळत नाही अशी माणसे शंभरात चारांहून कमी भरतात. बाकीच्यांना सूर लागत नाही तो शिकवला गेलेला नसतो म्हणून, किंवा पट्टी चुकलेली असते म्हणून.

पट्टीचा मुद्दा नीट मांडायला हवा, कारण मूल्यमापनातला सगळ्यात मोठा अन्याय तिथेच होतो. सर स्वतःच्या सोयीने काळी एकमध्ये गाणे उचलतात. मुलांना त्या सुरात खालचे स्वर जात नाहीत, म्हणून काही जण वरच्या सप्तकात जातात, काही पुटपुटतात, काही मधेच कुठेतरी रेंगाळतात. ऐकणाऱ्याला वाटते की वर्ग बेसूर आहे. तेच गाणे काळी चार किंवा पाचमध्ये घ्या, सुरुवातीची ओळ एखाद्या मुलीला म्हणायला लावा, आणि अर्धा वर्ग आपोआप सुरात येतो. पुरुषाच्या खालच्या आवाजापेक्षा बाईच्या किंवा मुलाच्या आवाजाशी सूर जुळवणे लहान मुलांना सोपे जाते, हे पाहण्यांतूनही दिसले आहे. मग सातवी-आठवीत मुलांचा कंठ फुटतो. सहावीत छान गाणारा मुलगा आठवीत अचानक घोगरा होतो, एका ओळीत आवाज दोनदा फाटतो. त्या वर्षी त्याची श्रेणी उतरवणे म्हणजे त्याच्या वाढीला शिक्षा देणे. त्याला खालच्या पट्टीत ध्रुवपद धरायला द्यावे किंवा ताल सांभाळायला द्यावा, आणि नोंदीत तसे लिहावे.

मग मोजायचे काय? याचे एक जुने उत्तर वर्ध्यातच लिहिले गेले. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ ला, मारवाडी शिक्षण मंडळाच्या रौप्यमहोत्सवाच्या निमित्ताने, गांधीजींच्या अध्यक्षतेखाली वर्ध्याला शिक्षण परिषद भरली. त्याच्या काही आठवडे आधी ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी लिहिले होते की हाताला वळण लावण्याइतकेच आवाजाला वळण लावणे गरजेचे आहे. परिषदेने डॉ. झाकिर हुसेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. तिच्यात विनोबा होते, काका कालेलकर होते, शांतिनिकेतनात रवींद्रनाथांसोबत काम केलेले आर्यनायकम आणि आशादेवी होत्या. डिसेंबरात अहवाल आला. साडेपाच तासांच्या शाळेत हस्तोद्योगाला ३ तास २० मिनिटे, आणि संगीत, चित्रकला व गणित या तिघांना मिळून ४० मिनिटे. संगीत गणिताच्या पंगतीला बसवले होते, याची नोंद आजच्या वेळापत्रकवाल्यांनी घ्यावी. संगीताच्या भागात या मंडळींनी मुलांना चांगली गाणी पाठ व्हावीत, हाताने ताल धरता यावा, आणि भर एकत्र गाण्यावर असावा, असे म्हटले. रागांची नावे आणि ताना त्या टप्प्यावर त्यांनी मागितल्या नाहीत.

त्याच अहवालात परीक्षापद्धतीवर कडक टीका आहे. प्रचलित परीक्षा शिक्षणाला शाप ठरल्या आहेत, असा सूर आहे. त्याऐवजी समितीने सुचवले की शाळेचे काम तपासायचे असेल तर निवडक मुलांच्या गटांचा नमुना घेऊन तपासावे, आणि एकेका मुलाला वरच्या वर्गात घालण्याचा निर्णय त्याच्या शिक्षकांवर सोडावा. समूहगानाला ही विभागणी नेमकी बसते. बाहेरून येणाऱ्याने समूह ऐकावा. एकेका मुलाचे कसे चालले आहे ते रोज ऐकणाऱ्याने सांगावे. जवळपास नव्वद वर्षांपूर्वीचा हा विचार, या परिषदेतून आकाराला आलेल्या ‘नई तालीम’ शिक्षणपद्धतीच्या इतर विचारांसारखा, कपाटात गेला. सेवाग्रामच्या आवारात २००५ पासून ‘आनंद निकेतन’ ही शाळा नई तालीमचा धागा पुन्हा धरून चालते आहे, एवढे समाधान.

नई तालीमच्याही मागे आणखी एक परंपरा आहे. गांधीजींच्या आश्रमातली ‘आश्रम भजनावली’ संकलित करणारे पंडित नारायण मोरेश्वर खरे हे विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. गुरूंनी १९०१ मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून गाण्याला वर्ग, अभ्यासक्रम, पुस्तके आणि परीक्षा दिल्या. शिष्याने साबरमतीला आश्रमातल्या सगळ्यांना, गळा असो-नसो, एकत्र गायला लावले. एकाच घराण्यातून निघालेल्या या दोन वाटा आजही समांतर चालतात. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा या परीक्षांना विद्यार्थी एकटा परीक्षकासमोर बसतो, राग गातो, हातावर ठेका दाखवतो. परीक्षा चांगली आहे. तिने लाखो घरांत तानपुरा-पेटी नेली. पण ती समूहात गाण्याची परीक्षा नाही. दहावीला मिळणाऱ्या वाढीव कला गुणांतही हाच कल दिसतो. शास्त्रीय गायनाच्या तीन परीक्षा उत्तीर्ण असतील तर १० गुण, पाच असतील तर १५. चित्रकलेच्या इंटरमिजिएटला श्रेणीनुसार ७, ५, ३. शाळेच्या समूहगानात पाच वर्षे मन लावून गायलेल्या मुलीला त्या यादीत जागा नाही. ज्या गावात संगीत विशारद शिक्षक नाही, परीक्षा केंद्र नाही, तिथल्या मुलीला तर गाण्याचा तेवढा एकच मार्ग खुला होता.

समूहात गाण्याचे कौशल्य वेगळे आहे आणि ते ऐकून ओळखता येते. शेजारच्याचा आवाज ऐकत आपला आवाज त्यात बसवणे. ध्रुवपदावर सगळ्यांबरोबर येणे, एक मात्रा आधी नाही, नंतर नाही. ओळ संपताना श्वास एकदम न सोडता शेवटचे अक्षर धरून ठेवणे. लय धावायला लागली की ती ओढून धरणे. चुकले तर थांबून न राहता पुढच्या ओळीला पुन्हा शिरणे. भजनी मंडळात हे सगळे बसून बसून शिकतात. नवा पोरगा मागे बसतो, आधी टाळी, मग टाळ, मग ओळ उचलू लागतो; म्होरक्याने ओळ सांगितल्यावर झील कशी पडते त्यावरून कोण तयार झाला ते मंडळाला कळते. पाश्चात्त्य शाळांत समूहगानाच्या तक्त्यात चार वेगवेगळ्या स्वरपंक्तींचा तोल पाहतात. आपले समूहगान बहुधा एकस्वरी. तो रकाना तसाच उचलून आणण्यात अर्थ नाही. आपल्याकडे तोल पाहायचा तो सुरात मिसळण्याचा, शब्दांचा आणि लयीचा.

सुराच्या प्रगतीचा एक सोपा जिना लंडनचे संशोधक ग्रॅहम वेल्च यांनी १९९८ मध्ये मांडला. पहिल्या पायरीवर मुलाचे लक्ष शब्दांवर असते आणि गाणे बोलल्यासारखे येते. दुसरीवर आवाज वर-खाली नेता येतो हे त्याला उमगते आणि चालीचा ढोबळ आकार दिसू लागतो. तिसरीवर चाल बहुतेक बरोबर, पण मधेच पट्टी सरकते. चौथीवर मोठी चूक राहत नाही. वर्गशिक्षकाला हे चार टप्पे कानाने ओळखता येतात. त्यासाठी विशारद व्हावे लागत नाही. जूनमध्ये दुसऱ्या पायरीवर असलेले मूल मार्चमध्ये तिसरीवर आले, एवढी नोंद ‘तालासुरात गातो’ या वाक्यापेक्षा कितीतरी जास्त सांगते. शिवाय ही नोंद दुसऱ्या मुलाशी तुलना करत नाही.

करायचे कसे, तर चौघा-चौघांनी. एकट्याला उभे केले की निम्मी मुले घाबरून गप्प होतात, आणि एकट्याचे गाणे ही मुळात दुसरीच गोष्ट आहे. चाळीसच्या गर्दीत कुणाचेच ऐकू येत नाही. चौघांत प्रत्येकाचा आवाज कळतो आणि कुणी उघडा पडत नाही. मोबाइलवर सुरपेटीचे ॲप काळी चारला लावायचे, दुसरा मोबाइल बाकावर ठेवून ध्वनिमुद्रण सुरू करायचे. चौघे अर्धवर्तुळात उभे राहतात, तोंडे एकमेकांकडे. आधी सगळे मिळून ‘सा’ धरतात. मग ध्रुवपद आणि एक कडवे, डाव्या तळहातावर ताल. दोन मिनिटांत झाले. वर्गातली बाकीची मुले ऐकतात आणि एकेक गोष्ट सांगतात: शब्द स्वच्छ होते का, सगळे एकदम आले का. चाळीस मुलांच्या वर्गाचे दहा गट होतात. तीन तासिकांत काम आटोपते. सत्रातून एकदा केले तरी पुरते. मुद्रण जपून ठेवले की दुसऱ्या सत्रात त्याच गटाला त्यांचेच आधीचे गाणे ऐकवता येते, आणि मुले स्वतःच्या चुका शिक्षकाच्या आधी पकडतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातल्या समग्र प्रगतिपत्रकात स्वतःचे आणि सोबत्यांचे मूल्यमापन अपेक्षित आहे. समूहगानाइतकी त्याला सोपी जागा दुसऱ्या कुठल्या विषयात सापडणार नाही.

श्रेणी मात्र कुणाला? यावर शिक्षकांत दोन मते असतात. काहींना वाटते की गाणे सगळ्यांचे आहे तर श्रेणीही सगळ्यांना एकच द्यावी. काही म्हणतात, मग मेहनत करणाऱ्यावर अन्याय होतो. मला पहिल्या मतात अर्धे सत्य दिसते. समूहाच्या गाण्याला समूहाची म्हणून एक नोंद असावी, ती वर्गाच्या भिंतीवर लागावी. मुलाच्या प्रगतिपुस्तकात त्याची स्वतःची वाटचाल असावी: सुराची पायरी, ताल, ऐकून मिसळणे, पाठांतर. या चारांवरून श्रेणी निघते, आणि शेऱ्यात एक खरे वाक्य. ‘दुसऱ्या कडव्यात वर जाताना आवाज दाबतो, पट्टी उतरवल्यावर मोकळा गायला’, असे वाक्य पालकाला दाखवता येते, पुढच्या वर्षीच्या बाईंना उपयोगी पडते.

स्पर्धा आणि श्रेणी यांची सरमिसळ तोडायला हवी. भारत विकास परिषदेची राष्ट्रीय समूहगान स्पर्धा १९६७ पासून चालते, केंद्र सरकारचा कला उत्सव २०१५ पासून. तालुका-जिल्हा पातळीवर आणखी कितीतरी स्पर्धा होतात. त्यांनी शाळांत गाणे टिकवून धरले, हे नाकारता येणार नाही. पण स्पर्धेचा चमू निवडलेल्या आठ-दहा मुलांचा असतो, आणि बऱ्याच ठिकाणी परीक्षकांच्या कागदावर सूर-तालाच्या जोडीला वेशभूषेचाही रकाना असतो. फेटे आणि नऊवारी भाड्याने आणणारी शाळा तिथे पुढे जाते. स्पर्धेचे बक्षीस शाळेच्या कपाटात राहू द्यावे. प्रगतिपुस्तकात येऊ नये. चमूत न निवडलेल्या तीस मुलांचे गाणे हाच शाळेचा खरा विषय आहे.

श्रेणीला पैसा किंवा प्रतिष्ठा जोडली की शिकवणेही वाकते, याचा दाखला इंग्लंडात आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या प्राथमिक शाळांना गायनासाठी अनुदान मिळे. मुले स्वरलिपी वाचून गात असतील तर पूर्ण, नुसती कानाने ऐकून गात असतील तर निम्मे. तपासनीस यायच्या आधी स्वरलिपी घोटून घेणे सुरू झाले नसते तरच नवल. आपल्याकडे तर कानाने शिकणे हीच मूळ रीत. तिला कमी लेखणारा कोणताही तक्ता वर्ध्याच्या शाळेत येऊ नये.

जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थेकडे माझी एक मागणी आहे. केंद्रस्तरावरच्या शिक्षण परिषदांत एक तासिका यासाठी द्या. एक पानी नोंदपत्रक करा, चार मुद्द्यांचे, आणि तयार वाक्यांच्या याद्यांऐवजी ते वाटा. प्रत्येक तालुक्यातल्या पाच-सहा शाळांत जाऊन, आधी न निवडलेला कोणताही एक वर्ग सगळ्या मुलांसकट गाताना ऐका. १९३७ च्या समितीने सांगितलेला नमुना तोच. आणि शिक्षकमित्रांनो, यंदा दिवाळीच्या सुटीआधी, श्रेण्या भरण्यापूर्वी, तुमच्या वर्गातले प्रत्येक मूल चौघांत उभे करून एकदा तरी ऐका. ज्याला अजून ऐकले नाही, त्याच्यापुढचा रकाना तोवर कोरा ठेवा.